जपानी आडनावे : अर्थ, उगम आणि आपल्यासाठी बोध

"आपले आडनाव काय?" हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा आहे. परंतु आगगाडीच्या डब्यात, भाड्याची खोली पाहायला गेल्यावर किंवा बदली होऊन नव्या कचेरीत रुजू झाल्यावर ज्याला हा प्रश्न विचारला गेला आहे, त्याला त्यामागचा हेतू चांगलाच ठाऊक असतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "मूळ गाव कोणते?" आणि गावाच्या नावानेही समाधान झाले नाही तर तिसरा, "म्हणजे तुम्ही कोणापैकी?" आपल्याकडे आडनाव हे केवळ नाव नसून जातीचा दाखला पाहण्याची खिडकी आहे.

ज्या देशात सहाव्या शतकात बौद्ध धम्म पोहोचला आणि आजही जिथे गावोगावी बुद्धविहार आहेत, त्या जपानमध्ये आडनावांची परिस्थिती कशी आहे? तिथली आडनावे आली कुठून, त्यांचे अर्थ काय, आणि आडनावावरून माणसाची पायरी ठरवण्याची रीत तिथे होती काय? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विषय केवळ मनोरंजक माहितीचा नाही. आपल्याला त्यातून घेण्यासारखे बरेच आहे, हे लेखाच्या शेवटी वाचकांच्या लक्षात येईल.

आडनाव आधी, नाव मागून

जपानी माणूस आधी आडनाव सांगतो आणि मग स्वतःचे नाव. आपण आपल्या पद्धतीने ते उलटे करून घेतो. आपणा सर्वांना पूजनीय असलेले भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांचेच उदाहरण घ्या. १९३५ साली जपानच्या ओकायामा प्रांतात जन्मलेले, १९६०च्या दशकाच्या अखेरीस नागपूरला आलेले आणि १९९२ पासून महाबोधी महाविहार मुक्तीच्या आंदोलनाचे नेतृत्व करणारे भन्तेजी यांच्या नावातील 'ससाई' हे जपानी आडनाव आहे. जपानी रीतीने ते 'ससाई सुरेई' होईल. या आडनावातील शेवटच्या 'इ' या अक्षराचा अर्थ आहे विहीर.

जपानी लिपीत आडनाव सामान्यतः दोन चित्राक्षरांनी लिहितात, आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असतो. म्हणून जपानी आडनाव वाचता आले की त्याचा अर्थही डोळ्यांसमोर उभा राहतो. आडनावाला जपानी भाषेत 'म्योजी' म्हणतात. तो शब्द लिहिण्याच्या एका रूढ पद्धतीत 'म्यो' या अक्षराचा अर्थ रोप असा आहे. भातशेतीवर जगलेल्या समाजाला शोभेल असाच हा शब्द होय.

खाचर, डोंगर, विहीर आणि पूल

जपानमध्ये एक लाखाहून अधिक आडनावे असल्याचे सांगितले जाते. त्यांतील सर्वांत जास्त आढळणारी दहा अशी : सातो, सुझुकी, ताकाहाशी, तानाका, इतो, वातानाबे, यामामोतो, नाकामुरा, कोबायाशी आणि कातो. एकट्या सातो आडनावाचे सुमारे १८ लाख लोक आहेत.

या नावांची गुरुकिल्ली मोजक्या शब्दांत आहे. 'ता' किंवा 'दा' म्हणजे भातखाचर. 'यामा' म्हणजे डोंगर, 'कावा' किंवा 'गावा' म्हणजे नदी, 'मुरा' म्हणजे गाव, 'हाशी' म्हणजे पूल, 'हायाशी' म्हणजे राई, 'इ' म्हणजे विहीर. 'नाका' म्हणजे मधला, 'मोतो' म्हणजे मूळ अथवा पायथा, 'को' म्हणजे लहान, 'ताका' म्हणजे उंच. 'किता' म्हणजे उत्तर आणि 'निशी' म्हणजे पश्चिम. आता ही अक्षरे जुळवून पाहावीत.

तानाका म्हणजे खाचरांच्या मध्ये राहणारा. यामादा म्हणजे डोंगरातले खाचर. यामामोतो म्हणजे डोंगराचा पायथा. नाकामुरा म्हणजे मधले गाव, कितामुरा म्हणजे उत्तरेचे गाव. ताकाहाशी म्हणजे उंच पूल, हाशिमोतो म्हणजे पुलाच्या तोंडाशी असलेला. कोबायाशी म्हणजे लहानशी राई. इनोउए म्हणजे विहिरीच्या वरच्या अंगाला राहणारा. शिमिझु म्हणजे स्वच्छ पाणी. वातानाबे हे नाव नदी ओलांडण्याच्या जागेवरून, म्हणजे तरीच्या ठिकाणावरून आलेले असून, आजच्या ओसाका शहराच्या परिसरात या नावाचे जुने बंदर होते. तेरादा म्हणजे विहाराच्या मालकीचे खाचर, तर तेरामोतो म्हणजे विहाराच्या पायथ्याशी राहणारा. 'तेरा' म्हणजे बौद्ध विहार.

कोकणातल्या वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. खाचर, विहीर, राई, पऱ्ह्यावरचा साकव अशाच खुणांनी आपणही वस्त्या ओळखतो. आपल्या मराठी आडनावांतील 'कर' हा प्रत्ययही हेच काम करतो. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे छोटेसे गाव आज साऱ्या जगाला ठाऊक आहे, ते एका आडनावामुळेच. फरक एवढाच की आपले 'कर' गावाचे नाव सांगते, तर जपानी आडनाव बहुधा गावातली नेमकी जागा सांगते. घर पुलाजवळ होते की खाचराजवळ, हे त्यातून कळते.

आपल्या रस्त्यांवरची जपानी आडनावे

आपण रोज जपानी आडनावे वाचतो, परंतु ती आडनावे आहेत हे आपल्या ध्यानात येत नाही. एके काळी गावोगावी दिसणाऱ्या 'हिरो होंडा' मोटारसायकलवरील होंडा हे संस्थापक होंडा सोइचिरो यांचे आडनाव. अर्थ, मूळचे खाचर. कावासाकी म्हणजे नदीचे टोक. यामाहा म्हणजे डोंगरावरचे पान. यामाहा तोराकुसु हे या उद्योगाचे संस्थापक. टोयोटा हे मूळचे 'तोयोदा', म्हणजे भरघोस पिकाचे खाचर. १९३७ साली मोटार कंपनी स्थापन झाली, त्या सुमारास लिहायला सोपे आणि आठच रेघांत बसणारे म्हणून 'तोयोता' हे रूप स्वीकारले गेले. टायर बनवणाऱ्या ब्रिजस्टोन कंपनीचे नाव तर इंग्रजी वाटते. पण तिचे संस्थापक इशिबाशी शोजिरो यांच्या आडनावाचा अर्थ दगडी पूल असा आहे. त्याचेच इंग्रजी भाषांतर करून, शब्दांचा क्रम उलटवून, १९३१ साली कंपनीला नाव दिले गेले.

सुझुकीची कथा थोडी निराळी आहे. अक्षरे पाहिली तर अर्थ होतो घंटी आणि झाड. परंतु हे नाव कुमानो या तीर्थक्षेत्राच्या परिसरातले आहे. तिथे कापणीनंतर भाताच्या पेंढ्या खांबाभोवती रचून ठेवीत आणि त्या उडवीला मिळत्याजुळत्या नावाने ओळखीत. तिथल्या लोकांच्या समजुतीप्रमाणे शेताची देवता त्या उडवीवर उतरे. म्हणजे ज्या नावाची मोटार आपण पाहतो, त्या नावाच्या मुळाशी भाताची उडवी आहे.

घराणे आणि हुद्दे सांगणारी नावे

सर्वच आडनावे शेतातून आलेली नाहीत. इ. स. ६६९ मध्ये नाकातोमी नो कामातारी या दरबारी मुत्सद्द्याला सम्राटाने 'फुजिवारा' हे कुलनाम दिले. पुढे कित्येक शतके या घराण्याने दरबारावर वर्चस्व गाजवले. 'फुजी' म्हणजे विस्टेरिया ही जांभळ्या फुलांची वेल. तिच्या अक्षराचा दुसरा उच्चार 'तो' किंवा 'दो' असा होतो. फुजिवारा घराण्याच्या शाखा जिथे जिथे गेल्या, तिथल्या प्रांताच्या नावाला हे 'तो' जोडून आडनावे तयार झाली. इसे प्रांतातले फुजिवारा ते इतो, कागा प्रांतातले ते कातो, ओमी प्रांतातले ते कोंदो. सातोमधले 'तो'देखील तेच.

तथापि आजचे सर्व सातो आणि कातो फुजिवारांचे वंशज आहेत असे मुळीच नाही. पुढे सामान्य लोकांनी वजनदार वाटणारी नावे घेतली, हेही त्याचे एक कारण आहे. थोर कुळाचे नाव लावण्याची हौस सगळीकडे सारखीच!

प्राचीन काळी दरबाराच्या सेवेला बांधलेले कारागिरांचे गट असत. त्यांची नावेही आडनावांत उरली. हात्तोरी म्हणजे मागावर विणणारे. इनुकाई म्हणजे कुत्री सांभाळणारे. विशेष म्हणजे इनुकाई त्सुयोशी हे गृहस्थ १९३१ साली जपानचे पंतप्रधान झाले. १५ मे १९३२ रोजी तरुण नौदल अधिकाऱ्यांनी त्यांची हत्या केली, ती राजकीय कारणावरून. त्यांच्या आडनावाचा अर्थ कुत्री सांभाळणारा असा होतो, म्हणून कोणी त्यांना खाली बसवले नाही. नावाचा धंदा सुटला की माणूसही त्यातून सुटतो, हे आपल्याकडे घडले नाही.

आडनाव आणि तलवार

यावरून कोणाचा असा समज होईल की जपानमध्ये पूर्वीपासून सर्वांना आडनावे होती. वस्तुस्थिती तशी नाही. १६०३ ते १८६८ या तोकुगावा राजवटीत उघडपणे आडनाव लावण्याचा आणि तलवारी बाळगण्याचा अधिकार मुख्यतः सामुराई या लढवय्या वर्गाला होता. हे दोन अधिकार एकत्रच उच्चारले जात. एखाद्या गावपाटलाने किंवा व्यापाऱ्याने सत्तेची मोठी सेवा केली तर त्याला बक्षीस म्हणून आडनाव लावण्याची परवानगी मिळे. बाकीच्या शेतकऱ्यांची, कारागिरांची स्वतःची म्हणून खासगी आडनावे पुष्कळदा होती, पण सरकारी कागदावर ती लिहिता येत नसत. तिथे फक्त गाव आणि नाव.

इथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. जपानच्या सम्राटाला आडनाव नाही, आजही नाही. राजकन्येने सामान्य कुटुंबात विवाह केला की तिला प्रथमच आडनाव मिळते. २०२१ साली राजकन्या माको यांचा विवाह झाला तेव्हा त्या कोमुरो माको झाल्या. कोमुरो म्हणजे लहान खोली. सर्वांत वरच्याला आडनावाची गरज नव्हती आणि खालच्यांना ते लावण्याची मुभा नव्हती, अशी ही रचना होती.

१८६८ साली मेइजी राजवट आली आणि सारे बदलले. १८७० मध्ये सामान्य लोकांना आडनाव लावण्याची परवानगी मिळाली. १८७१ मध्ये कुटुंबनोंदणीचा कायदा झाला आणि १८७२ मध्ये देशभराची कुटुंबनोंदवही तयार झाली. तीत सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांची नोंद झाली. तरीही अनेक जण आडनाव लावीनात. नव्या नावामागे नवा कर येईल अशी भीती होती. १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली आणि सैन्याला प्रत्येक तरुणाची पक्की ओळख हवी झाली. शेवटी १३ फेब्रुवारी १८७५ रोजी हुकूम निघाला की प्रत्येकाने आडनाव लावलेच पाहिजे. ज्यांना जुने आडनाव माहीत होते त्यांनी ते लावले. ज्यांना माहीत नव्हते त्यांनी नवे घेतले. कोणी गावच्या मुखियाला विचारले, कोणी विहारातल्या भिक्षूला. समोर खाचर दिसले तर खाचराचे, पूल दिसला तर पुलाचे.

ही परवानगी माणुसकीच्या कळवळ्याने मिळाली असे म्हणता येणार नाही. सरकारला कर हवा होता आणि सैनिक हवे होते. परंतु एकाच पिढीत शेतकरी आणि सामुराई यांच्या नावांतली भिंत कोसळली, हेही तितकेच खरे.

भिक्षूंचे आडनाव : शाक्य

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. १८७२ मध्ये बौद्ध भिक्षूंनाही आडनाव लावण्याचा हुकूम झाला. घर सोडलेल्या माणसाने कुळाचे नाव पुन्हा का घ्यावे, असा पेच अनेकांपुढे पडला. काहींनी जन्माच्या कुळाचे नाव घेतले. काहींनी मात्र 'शाकू' हे आडनाव घेतले. 'शाकू' म्हणजे शाक्य, भगवान बुद्धांचे कुळ! १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला अनागारिक धम्मपाल यांच्याप्रमाणेच जपानहून जे झेन आचार्य गेले होते, त्यांचे नाव शाकू सोएन. आणखी एक आडनाव आहे मुचाकु. त्याचा अर्थ अनासक्त, आणि महायानाचे थोर भारतीय आचार्य असंग यांचेही जपानी नाव तेच आहे.

'शाकू'ची परंपरा फार जुनी आहे. चौथ्या शतकातील चिनी आचार्य दाओआन यांनी असा पायंडा घातला की प्रव्रज्या घेतलेल्या प्रत्येकाने आपल्या गुरूचे वा कुळाचे नाव न लावता शाक्य हेच नाव लावावे. त्यामागे तथागतांचा उपदेश आहे. गंगा, यमुना, अचिरवती, शरयू आणि मही या नद्या सागराला मिळाल्या की आपापली नावे टाकून देतात आणि केवळ महासागर उरतो. त्याप्रमाणे चारही वर्णांचे लोक संघात आले की पूर्वीचे नाव आणि गोत्र टाकून देतात, असे तथागतांनी सांगितले. उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा देऊन त्यांनी ते करूनही दाखवले.

नाव मिळाले, नोंद पुसली नाही

इतके वाचल्यावर जपान म्हणजे समतेचे नंदनवन असे कोणाला वाटेल. म्हणून नाण्याची दुसरी बाजू सांगणे आवश्यक आहे.

जपानमध्येही अस्पृश्यता होती. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, देहदंडाच्या वेळची कामे करणे अशा कामांना जुंपलेल्या लोकांना 'एता', म्हणजे अतिमलिन, आणि 'हिनिन', म्हणजे माणूस नव्हे तो, अशी नावे होती. त्यांच्या वस्त्या वेगळ्या आणि त्यांचे विहारही वेगळे. १८७१ च्या सरकारी हुकमाने ही नावे रद्द झाली आणि चार वर्षांनी त्यांनाही इतरांसारखीच आडनावे मिळाली. आडनावावरून ओळखावे म्हटले तर ओळखता येईना. त्यांचे थोर नेते मात्सुमोतो जिइचिरो यांचेच उदाहरण घ्या. १९४७ साली जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे ते उपाध्यक्ष झाले. 'मात्सुमोतो' म्हणजे पाईन वृक्षाचे मूळ. हे आडनाव देशभर लाखोंच्या घरात आहे. त्यात जातीचा मागमूस नाही.

मग भेदभाव संपला काय? नाही. आडनाव मुके झाले, तेव्हा लोकांनी गावाला बोलते केले. १८७२ च्या कुटुंबनोंदवहीत काही ठिकाणी या लोकांच्या नावापुढे 'नवे सामान्यजन' असा शेरा मारलेला होता. लग्न ठरवताना, नोकरी देताना खासगी गुप्तहेर नेमून ही नोंदवही पाहिली जाई. अखेर १९६८ मध्ये ती जुनी नोंदवही सर्वांसाठी बंद करावी लागली. पुढे १९७५ मध्ये असे उघडकीस आले की या वस्त्यांच्या गावनावांची छापील यादीच गुप्तपणे विकली जात होती आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती विकत घेतली होती. उमेदवाराचे आडनाव काहीही असो, मूळ गाव यादीत सापडले की काम झाले. अलीकडे अशीच यादी पुन्हा प्रसिद्ध करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा २०२१ व २०२३ मध्ये तोकियोच्या न्यायालयांनी त्याविरुद्ध निकाल दिले. २०१६ साली या भेदभावाच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदाही करावा लागला.

"आडनाव काय?" नंतर "मूळ गाव कोणते?" हा जो क्रम आपण लेखाच्या आरंभी पाहिला, तो जपानमध्येही जसाच्या तसा आहे.

या लोकांना जे काही मिळाले ते सरकारी हुकमाने नव्हे, तर संघटनेने मिळाले. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात त्यांनी 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन केली. 'सुइहेइ' म्हणजे पाण्याच्या पातळीसारखे समतल. आपल्या महाडच्या सत्याग्रहापूर्वी पाच वर्षांची ही घटना आहे. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची हे एका बौद्ध विहारात जन्मले होते. त्यांचे कुटुंबाचे आडनाव कियोहारा. परंतु त्यांनी ते बाजूला ठेवून आपल्या विहाराच्या 'साइकोजी' या नावातून 'साइको' हे नाव घेतले. साइको म्हणजे पश्चिमेचा प्रकाश. ज्या वस्तीच्या विहाराला लोक हीन लेखत होते, त्याच विहाराचे नाव त्यांनी अभिमानाने मिरवले. लपण्यासाठी नाव बदलणे वेगळे आणि उभे राहण्यासाठी नाव घेणे वेगळे.

मृत्यूनंतरचे नाव

यापुढचा भाग बौद्ध म्हणून आपल्याला अधिक वेदना देणारा आहे, पण तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

जपानी बौद्धांमध्ये मृत व्यक्तीला धम्मनाम देण्याची प्रथा आहे. ते विहाराच्या मृतनोंदवहीत लिहिले जाते आणि स्मारकशिळेवर कोरले जाते. जोदो शिन्शू या पंथात हे नाव 'शाकू' या अक्षराने सुरू होते, म्हणजे प्रत्येक जण शाक्य होतो. कल्पना किती उदात्त! परंतु अनेक पंथांच्या विहारांनी अस्पृश्य मानलेल्या लोकांना धम्मनाम देताना त्यात जनावर, कातडे, चाकर अशा अर्थांची अक्षरे घातली. जिवंतपणी ज्याला माणूस म्हटले नाही, त्याला मेल्यावरही दगडावर तसेच कोरले. आणि हे काम बुद्धाचे नाव घेणाऱ्यांनी केले.

१९७९ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे भरलेल्या धर्म आणि शांतता विषयक जागतिक परिषदेत सोतो झेन पंथाच्या एका वरिष्ठ प्रतिनिधीने जपानमध्ये असा भेदभावच नाही असे सांगितले. त्यावर बुराकु मुक्ती चळवळीने कडाडून जाब विचारला. पंथाला आपल्या नोंदवह्या उघडाव्या लागल्या. हजारो विहारांतून शोध घेण्यात आला, चूक मान्य करण्यात आली, अपमानकारक नावे बदलून दिली गेली आणि शिळा नव्याने कोरल्या गेल्या. अन्याय झाकून ठेवला असता तर तो आजही त्या दगडांवर तसाच राहिला असता.

लादलेली नावे

नाव मिळणे हा हक्क असतो, तसे नाव लादणे हा जुलूम असतो. जपानच्या उत्तरेकडील आइनू या मूळ रहिवाशांना मेइजी काळात जपानी नावांनी नोंदवले गेले. कोरिया जपानच्या ताब्यात असताना ११ फेब्रुवारी १९४० पासून कोरियन लोकांना जपानी पद्धतीची आडनावे घ्यायला लावण्यात आले. १९४६ मध्ये त्यांना आपली मूळ नावे परत मिळाली. स्त्रियांचा प्रश्नही असाच आहे. १९४७ मध्ये सुधारलेल्या कायद्यानुसार पती-पत्नीने दोघांपैकी एकाचे आडनाव लावायचे असते. कागदावर ही निवड समान आहे. प्रत्यक्षात शंभरांतल्या सुमारे पंचाण्णव जोडप्यांत स्त्रीलाच आपले आडनाव सोडावे लागते, असे आकडे सांगतात. या कायद्याला दिलेली आव्हाने २०१५ व २०२१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

आपण काय घ्यावे?

या साऱ्या कहाणीतून आपल्यापुरता बोध काय?

पहिला बोध असा की आडनावात मुळात लाजण्यासारखे काहीच नसते. खाचर, विहीर, पूल, राई, माग यांवरून पडलेली नावे जगातल्या मोठमोठ्या उद्योगांवर आणि ग्रंथांवर झळकतात. १९३३ साली वर्ध्यात गांधीजींना भेटलेले आणि पुढे राजगीरचा शांतिस्तूप उभारणारे फुजिई गुरुजी यांच्या आडनावाचा अर्थ वेलीजवळची विहीर असा होतो. भारतीय तत्त्वज्ञानाचे गाढे अभ्यासक नाकामुरा हाजिमे हे 'मधल्या गावचे'. नाव हलके नसते. त्याच्याकडे पाहणारी नजर हलकी असते.

दुसरा बोध असा की केवळ आडनाव बदलून जात मरत नाही. आपल्यातील अनेक सुशिक्षित बांधवांनी मुलांना त्रास नको म्हणून आडनावे बदलली आहेत. त्यांना दोष देण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. ज्याने सोसले त्यालाच ते कळते. परंतु जपानमध्ये साऱ्या देशाची आडनावे सारखी होऊनही विचारणाऱ्यांनी गाव विचारले, नोंदवही विचारली. विचारणारा तोंड बंद करतो ते कायद्याच्या आणि संघटनेच्या धाकाने, आपल्या बदललेल्या आडनावाने नव्हे.

तिसरा बोध आपल्या घरातला आहे, म्हणून तो सर्वांत कठीण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्याला महासागरात आणून सोडले. आणि आपण? आपल्याच वधू-वर मेळाव्यात आडनाव ऐकताच "कोकणातले की घाटावरचे?" "वऱ्हाडी की देशावरचे?" असे विचारले जाते. कुठे कुठे तर अर्जात पूर्वाश्रमीच्या पोटजातीचा रकाना असतो आणि पंचशील घेतलेला हात तो निमूटपणे भरतो. सागराला मिळाल्यावर नदीने पुन्हा आपले पाणी वेगळे काढायला बसावे, तसा हा प्रकार आहे. जपानी विहारांच्या नोंदवह्यांतले पाप आपण वाचले. आपल्या अर्जातला रकाना त्याचाच धाकटा भाऊ नव्हे काय?

त्या विहारांनी निदान नोंदवह्या उघडल्या आणि दगड पुन्हा कोरले. आपल्याला दगडही कोरायचा नाही. छापलेल्या अर्जातला एक रकाना खोडायचा आहे, आणि समोरच्या उपासकाने आडनाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न गिळायचा आहे. येत्या वर्षी आपल्या मंडळाच्या अर्जांपासून याची सुरुवात झाली तर या लेखाचे सार्थक झाले असे समजेन.

जयभीम! नमो बुद्धाय!